बँकेचे शेअर घ्यायला पैसे मोकळे आहेत का?

प्रश्न : वय 56, दोन वर्षांनी निवृत्त होईन. 15 लाखांची एफडी नुकतीच मॅच्युअर झाली. त्यातले 10 लाख त्याच बँकेच्या शेअरमध्ये टाकू का? बँक जुनी आणि भक्कम आहे, व्याजापेक्षा लाभांश बरा मिळेल. शिवाय बँकेतल्याच साहेबांनी दिलेली 10 वर्षांची ‘गॅरंटीड एफडी’ आहे. वर्षाला 2 लाख, सोबत 20 लाखांचा विमा. दोन हप्ते भरलेत.

उत्तर : हप्ते आणि विमा असलेली ती एफडी नव्हे, विमा पॉलिसी. तिचे आठ हप्ते, म्हणजे 16 लाख, अजून भरायचे आहेत. दोन पगारातून जातील. उरलेले 12 लाख निवृत्तीनंतर कुठून आणणार? याच 15 लाखांतून. म्हणजे शेअरसाठी काढलेले 10 लाख तुम्ही आधीच विमा कंपनीला कबूल करून बसला आहात.

फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करण्याची मुदत केव्हाच संपली. आता साहेबांना न विचारता थेट विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर किती मिळतील आणि पेड-अप केली तर मुदतीअखेर किती. पेड-अप म्हणजे हप्ते बंद आणि विमा रक्कम त्या प्रमाणात कमी. ढोबळमानाने 20 लाखांचे 4 लाख होतील. भरलेले 4 लाख आठ वर्षांनी जवळपास तेवढेच परत! सरेंडरमध्ये फटका आणखी मोठा. तरीही माझं मत, हप्ते थांबवा. असल्या पॉलिसी बहुधा 5-6 टक्क्यांवर घुटमळतात, त्यासाठी आणखी 16 लाख कशाला अडकवायचे? पॉलिसी बोनसवाली असेल तर माहितीपत्रकात 4 आणि 8 टक्के परतावा गृहीत धरलेले असे दोन रकाने असतील. तुम्हाला कोणता दाखवला असेल, याचा अंदाज आहे मला.

आता शेअर. बँक तीच असली तरी ठेवीदार आणि भागधारक एका रांगेत नसतात. नोव्हेंबर 2020 मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँकेत विलीन झाली, तेव्हा ठेवी शाबूत राहिल्या आणि शेअरचं मोल शून्य झालं. बँकेच्या 100 रुपयांच्या कर्जामागे तिचं स्वतःचं भांडवल 10-12 रुपये. सहा रुपये बुडाले की निम्मं भांडवल साफ. चांगल्या काळात याच गणिताने नफाही फुगतो आणि नीट चालवलेल्या बँकांनी भागधारकांना भरपूर कमवून दिलंय. पण ते दहा-पंधरा वर्षं थांबू शकणाऱ्यांना. आणि लाभांशाच्या भरवशावर घर चालवू नका. 2019-20 साठी रिझर्व्ह बँकेने बँकांना तो वाटायलाच मनाई केली होती.

ठेवींवरचं विमा संरक्षण व्याज धरून एका बँकेत 5 लाखांपुरतंच असतं, तेव्हा एफडी दोन-तीन बँकांत विभागा. शेअरची हौस असेलच तर 2 लाख निफ्टी 50 इंडेक्स फंडात (50 मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) टाका, सात वर्षं हात न लावता. त्यात सुमारे एक तृतीयांश वाटा वित्तीय कंपन्यांचा, म्हणजे बँका आल्याच.

पुढचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाणार असेल. लेखी आकडे हाती आले की तो मँडेट, म्हणजे कापण्याची दिलेली परवानगी, आधी बंद करा, नाहीतर वरच्या हिशेबातून आणखी 2 लाख जातील.