ओपॅकवर पुस्तक 'अव्हेलेबल', रॅकवर नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात खेटे घालावेत की अभ्यासिकेत जागा धरावी?

तुमचा प्रश्न असा आहे: शिवाजी विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राला आहे, सेमिस्टर सुरू होऊन महिना झाला, इकॉनोमेट्रिक्सचं, म्हणजे अर्थशास्त्रात संख्याशास्त्र वापरण्याच्या विषयाचं, पुस्तक ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत) दिसतं पण रॅकवर सापडत नाही, बसायला जागा मिळेल याचा भरवसा नाही, तर सायबर चौकाच्या बाजूला एखाद्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरावेत का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "पोरं पुस्तकं चोरतात, रॅक बंदच केले पाहिजेत." या शेवटच्या वाक्यामुळेच मी लिहायला बसलो. ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरच्या आतल्या बाजूला हेच वाक्य वर्षानुवर्षं ऐकलंय, आणि ते साफ चूक आहे.

आधी तुमचं पुस्तक. इकॉनोमेट्रिक्सचा ड्यूई वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला आणि लेबलवर लिहिलेला आकडा, ३३०.०१५१९५. अर्थशास्त्र म्हणजे ३३० एवढं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून विद्यार्थी बरोबर ३३० च्या रॅकपाशी येतो. आकडा लांबलचक दिसतो, म्हणून पुस्तक शेवटी असेल असं समजून तो ३३०.९ कडे जातो, दोन कप्पे चाळतो आणि "नाही सर" म्हणत परत येतो. पुस्तक असतं अगदी सुरुवातीला, नुसत्या ३३० नंतर आणि ३३०.१ च्या आधी. पॉइंटनंतरचे अंक एकेक करून वाचायचे असतात. शून्य आलं की ते एकाच्या आधी, बस्स. म्हणूनच भारताच्या आर्थिक स्थितीचं ३३०.९५४ हे आफ्रिकेच्या ३३०.९६ च्या अगोदर लागतं. ९५४ हा आकडा ९६ पेक्षा मोठा असला तरी. वर्गांकाच्या खाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं असतात, एकाच वर्गांकाची पुस्तकं त्या अक्षरांनी लागतात. मराठी पुस्तकांवर ही अक्षरं बहुधा देवनागरीत असतात, तिथे क्रम बाराखडीचा.

दुसरी गोष्ट, एकच विषय एकाच रॅकवर असतो हा गैरसमज काढून टाका. कोल्हापुरात दरवर्षी कितीतरी जण साखर कारखान्यांवर प्रकल्प करतात. ऊस शेतीत, ६३३.६१. साखर तयार करण्याचं तंत्र ६६४.१. सहकार ३३४. तीन ठिकाणं, त्यांतलं एकही दुसऱ्याच्या जवळ नाही. पर्यावरणाचं तर याहून अवघड: संसाधनांचं अर्थशास्त्र ३३३.७, प्रदूषणाचे सामाजिक प्रश्न ३६३.७, परिसंस्था ५७७, सांडपाणी आणि जलशुद्धीकरण ६२८. ओपॅकवर विषय टाकून आलेल्या पहिल्या पाच-सहा नोंदींचे वर्गांक कागदावर उतरवून घ्या आणि मग उठा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण आकडा पूर्ण येऊ दे. पॉइंटनंतरचे अंक कापले जातात आणि मग तासभर भलत्याच रॅकपुढे जातो.

ओपॅकवर शोधताना पूर्ण नाव टाकू नका. आडनाव आणि नावातला एखादा ठळक शब्द पुरे. मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी काही ठिकाणी रोमन लिपीत, काही ठिकाणी देवनागरीत केलेल्या असतात, आणि देवनागरीतही 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुर' हे संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही लिप्यांत, दोन्ही वेलांट्या-उकार बदलून बघा, मगच "नाही" म्हणा.

आता त्या चोरीच्या गोष्टीकडे येतो. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात याच ३३०.०१५१९५ च्या चार प्रती होत्या. सेमिस्टरच्या मध्यावर चारही संगणकावर 'अव्हेलेबल' आणि रॅकवर एकही नाही. तक्रारी आल्या, विभागप्रमुखांचं पत्र आलं. तेव्हा तिथल्या एका जबाबदार सहकाऱ्याचा निष्कर्ष तयार होता: चोरी. उपायही तयार: रॅकना जाळी, काउंटरवर चिठ्ठी, शिपाई आतून पुस्तक आणून देईल. प्रत्यक्ष शोध घेतला तो पुढच्या सुटीत, साठा पडताळणीच्या वेळी. पहिली प्रत ३३०.१५ जवळ मिळाली. रॅक लावणाऱ्याकडून पॉइंटनंतरचं शून्य सुटलं होतं, आर्थिक विचारपंथांच्या पुस्तकांत ती गपचूप उभी होती. दुसरी बांधणीला गेली होती. पाठ उसवली म्हणून बाजूला काढली, गठ्ठ्यात बांधली, पण संगणकावर तिची स्थिती कुणी बदललीच नाही. तिसरी वाचनकक्षातून परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात, तीन आठवडे न लावलेल्या.

चौथी खरोखर लपवलेली होती. नियतकालिकांच्या बांधीव खंडांच्या मागे, कप्प्याच्या भिंतीला टेकवून आडवी. पाठ आत, पानांची कड बाहेर, म्हणजे वाकून बघितलं तरी लेबल दिसू नये. आत खूण म्हणून बॉलपेनची निळी टोपी, आणि समासात पेन्सिलनं अगदी बारीक, नीटस अक्षरात सोडवलेली गणितं. हे काम चोराचं नव्हे. चोर पुस्तक घेऊन जातो. हा अभ्यास करणारा मुलगा होता किंवा मुलगी होती, आणि त्याला भीती होती की आज परत केलं तर परीक्षेपर्यंत पुन्हा हाती लागणार नाही.

चार प्रतींपैकी तीन ग्रंथालयाच्या हलगर्जीपणामुळे हरवल्या, एक भीतीमुळे. चोरी शून्य. तरीही जाळी बसली. त्यानंतर नाव माहीत असेल तेवढंच पुस्तक मागता येऊ लागलं. इकॉनोमेट्रिक्स शोधता शोधता शेजारचं सोपं पुस्तक हाताला लागणं, तिथून ५१९.५ च्या संख्याशास्त्राच्या रॅककडे जाणं, हे सगळं बंद. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. मुक्तद्वार पद्धतीत, म्हणजे वाचकाला थेट रॅकपाशी जाऊ दिलं की, काही पुस्तकं जाणार हे त्यांना माहीत होतं, सरकारलाही माहीत आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, नियम २१५ मध्ये स्पष्ट लिहिलंय: वर्षभरात दिलेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांवरचं पुस्तक आणि दुर्मीळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. म्हणजे वर्षाला वीस हजार वेळा पुस्तकं हाताळली जात असतील तर शंभरपर्यंतच्या नुकसानीची तरतूद नियमातच आहे. चार न सापडलेल्या प्रतींसाठी जाळी लावणाऱ्यांनी हा नियम उघडून वाचलेला नसतो.

तेव्हा पुस्तक रॅकवर नाही असं दिसलं तर हे करा. त्याच वर्गांकाच्या वरचा आणि खालचा कप्पा बघा. पॉइंटनंतरचं शून्य काढून जो आकडा होतो तिथे बघा, आणि अंकांची अदलाबदल करून: ५१९ ऐवजी ५९१ वर पुस्तक गेलेलं असतं. पुस्तकांच्या मागे हात घालून बघा. परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली आणि वाचनकक्षातली टेबलं बघा. मग काउंटरवर जाऊन "पुस्तक नाही" एवढंच म्हणू नका. दाखल क्रमांक सांगा, म्हणजे ग्रंथालयानं प्रत्येक प्रतीला दिलेला स्वतंत्र नंबर. चार प्रतींचे चार दाखल क्रमांक ओपॅकच्या नोंदीत खाली दिसतात. "दाखल क्रमांक अमुक, अव्हेलेबल दिसतेय, रॅकवर नाही, बांधणीला आहे का बघता का?" असं विचारलं की समोरच्याला टाळता येत नाही. त्याला एक ठरावीक प्रत शोधायची असते.

प्रत दुसऱ्याच्या नावावर असेल तर रिझर्व करा. ही सोय जवळपास सगळीकडे असते आणि विद्यार्थी ती वापरतच नाहीत. आरक्षण असलेलं पुस्तक आधीच्या माणसाला पुन्हा रिन्यू करून मिळत नाही, म्हणून ते फिरतं. निरोप आल्यावर मात्र दोन दिवसांत उचला, नाहीतर ते पुढच्याकडे जातं.

लपवाछपवीवर खरा उपाय एकच आहे आणि तो तुमच्या वर्गाच्या हातात आहे. पहिल्या दोन आठवड्यांत, ते उलटले असतील तर आताच, विषय शिकवणाऱ्या सरांकडून किंवा मॅडमकडून ग्रंथपालांना चार ओळींचा अर्ज जाऊ द्या: या या पुस्तकाची एक प्रत सेमिस्टरभर संदर्भ विभागात ठेवावी, घरी देऊ नये, फक्त तिथे बसून वाचायला किंवा संध्याकाळी देऊन सकाळी परत घ्यायला. पुस्तक कायम तिथे आहे हे कळलं की लपवण्याची गरज संपते. विद्यार्थ्यांनी नुसतं तोंडी सांगून हे होत नाही, शिक्षकांची सही लागते. नवीन प्रत खरेदीची शिफारसही भरा, पण या सेमिस्टरसाठी तिच्यावर विसंबू नका. शिकवण्याचे दिवस साधारण नव्वद. मागणी, मंजुरी, खरेदी, दाखल नोंद, लेबल एवढं होईतो परीक्षा येते.

रॅकवर नसलेलं बरंच काही स्क्रीनवर आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली आहेत. आवारातल्या नेटवर्कवरून उघडून बघा आणि घरून वापरण्यासाठी लॉगिन कसं मिळतं ते संदर्भ विभागात विचारा. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहेच, तिथे लॉगिनही लागत नाही. प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा, तुमच्या विषयावरची निम्मी शोधाशोध तिथेच संपते.

पावसाबद्दल एक. विषम सेमिस्टर आणि आपल्याकडचा पाऊस एकाच वेळी सुरू होतात. पुस्तक पिशवीत घालताना वेगळ्या प्लास्टिकमध्ये घाला. भिजलंच तर उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. पानं थोडी उलगडून पंख्याखाली उभं ठेवा, मधे कोरे पांढरे कागद घाला, ओले झाले की बदला. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पानं काही तासांत एकमेकांना चिकटतात, ती आधी सोडवा. आणि त्याच दिवशी काउंटरवर सांगा. चार दिवस घरी लपवलं की बुरशी धरते आणि ती शेजारच्या पुस्तकांनाही लागते.

जागेचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, म्हणजे खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, बसायचं असेल तर दोन तासिकांच्या मधल्या रिकाम्या वेळेवर विसंबू नका. त्या वेळी सगळेच मोकळे असतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा, किंवा दुपारचं जेवण लवकर आटोपून सगळे जेवायला जातात तेव्हा या. वही ठेवून जागा अडवणाऱ्यांबद्दल शांतपणे कर्मचाऱ्यांना सांगा, स्वतः वही उचलू नका. अभ्यासिकेत तुम्हाला खुर्ची, टेबल, दिवा, प्लग मिळतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला तेवढं पुरतं, त्याची पुस्तकं त्याच्याबरोबर असतात. तुम्हाला इकॉनोमेट्रिक्स करायचंय, तुम्हाला पंधरा पुस्तकं उघडी लागणार, आणि खुर्चीच्या भाड्यात ती येत नाहीत. शहरात राहत असाल तर करवीर नगर वाचन मंदिरही बघा. १८५० ची संस्था आहे, मराठी संदर्भांसाठी तिथे जाणं राहून जाऊ देऊ नका.

हे सगळं आवारातल्या नियमित विद्यार्थ्याला धरून लिहिलंय. सांगली, साताऱ्याच्या संलग्न महाविद्यालयांतले किंवा दूरशिक्षणाचे असाल तर घरी पुस्तक मिळण्याचे नियम वेगळे पडतात. ओळखपत्र घेऊन आधी काउंटरवर विचारा. परीक्षेच्या महिन्यात रात्री उशिरापर्यंत बसायचं असेल आणि शेवटची केएमटी बस किंवा होस्टेलच्या गेटची वेळ आड येत असेल, तर त्या एका महिन्यापुरती घराजवळची अभ्यासिका घ्या, त्यात काही वावगं नाही. पण सेमिस्टरभराचे पैसे आज भरू नका. उद्या सकाळी ३३० च्या रॅकच्या पहिल्या कप्प्यापासून सुरुवात करा, नसेल तर ३३०.१५ बघा, आणि तिथेही नसेल तर दाखल क्रमांक घेऊन काउंटरवर जा.