टपालपेटी : राजा घरी असतो, पण भेटत नाही

गेल्या अंकात दशम्या किती दिवस टिकतात या प्रश्नाला उत्तर देताना ओघात लिहून गेले होते, की झ्युरिकला मुलीकडे होते तेव्हा एक दिवस दशम्या बांधून आम्ही शेजारच्या लिश्टनस्टाइन देशात जाऊन आलो. एवढी एकच ओळ. तिच्यावर पाच पत्रं आली. दशम्यांबद्दल एकही नाही! त्यातली तीन घेते.

काकू, सा. न. माझे दीर झ्युरिकजवळ राहतात. मे महिन्यात आम्ही दोघं, सात आणि अकरा वर्षांची मुलं आणि सासूबाई असे जाणार आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना अंडं चालत नाही. हातात एक दिवस मोकळा आहे. भाऊजी म्हणतात, लिश्टनस्टाइन करून या, पासपोर्टवर एक देश वाढेल. हे म्हणतात, तिथे बघण्यासारखं काही नाही. कोणाचं ऐकू? – एक सून, इंदूर

अगं, दोघांचंही ऐकू नकोस. देश वाढवायला जाऊ नकोस, आणि बघायला काही नाही हेही खरं नाही.

आधी जायचं कसं ते सांगते. झ्युरिकहून सारगान्सला रेल्वेने जेमतेम तास लागतो. स्टेशनाबाहेरच ११ नंबरची बस उभी असते, ती अर्ध्या तासाच्या आत राजधानीत सोडते. त्या देशाला स्वतःचा विमानतळ नाही. स्विस ट्रॅव्हल पास काढला असेल तर या बसलाही तो चालतो. व्हिसा वेगळा नको, स्वित्झर्लंडसाठी काढलेला शेंगेनचाच पुरतो. पैसेही स्विस फ्रँकच. राजधानीचं नाव इंग्रजी स्पेलिंगवरून वाडूझ वाटतं, पण म्हणायचं फाडुट्स. आमचे हे बस ड्रायव्हरला तीनदा ‘वाडूझ, वाडूझ’ म्हणाले. तो शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

सरहद्द कधी आली ते कळणार नाही. ना चौकी, ना बांबूचा अडसर. १९२३ च्या करारापासून या दोन देशांत जकातच नाही. नदी ओलांडली, नातीने फोनवरचा नकाशा बघितला आणि ओरडली, “आजी, आलो!” वन्सं खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, “कुठे?” १६० चौरस किलोमीटरचा देश, माणसं चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे देशातली सगळी माणसं आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चार-दोन मोहल्ल्यांत मावतील. आमचं ग्वाल्हेर संस्थान याच्या चारशेपट मोठं होतं, हे मी बसमध्येच जावयाला ऐकवलं. ग्वाल्हेरची माणसं हे कुठेही गेली तरी ऐकवतातच.

फाडुट्समध्ये श्टेट्ले नावाचा एकच मोठा रस्ता आहे, गाड्यांना बंद, पायी चालणाऱ्यांसाठी. सपाट आहे, बाकं आहेत. सासूबाईंना तिथे काही त्रास होणार नाही. वन्संचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, तरी त्या टोकापासून टोकापर्यंत चालल्या, अर्थात चार बैठका घेऊन. उन्हाळ्यात तिथे खेळण्यातल्यासारखी एक छोटी गाडी निघते, रस्त्यावरून रबरी चाकांवर चालणारी. ती गावाचा आणि द्राक्षांच्या मळ्यांचा फेरा मारून आणते. आपल्याकडे मेळ्यात मुलांना बसवतात तशी गाडी, पण तिच्यात सूट घातलेली माणसंही गंभीर चेहऱ्याने बसलेली असतात. वन्संना सगळ्या दिवसात ती गाडीच सर्वांत आवडली. आपली ग्वाल्हेर–श्योपुर छोटी लाईन आठवली, असं म्हणाल्या. मग परत येईपर्यंत माहेरच्या गोष्टी सांगत बसल्या. मळे कोणी बघितलेच नाहीत.

शिक्क्याचं म्हणशील, तर प्रवासी माहिती केंद्रात काही फ्रँक घेऊन तो मारून देतात. गुळगुळीत, सुंदर शिक्का आहे. मी बत्तीस वर्षं ग्वाल्हेरला बाड्यावरच्या पोस्टात शिक्केच मारले, म्हणून हक्काने सांगते : पासपोर्टवर मारून घेऊ नका. तो सरकारी कागद आहे, आणि हा शिक्का आठवणीचा, त्याचा आत येण्या-जाण्याशी काही संबंध नाही. मी माझ्या डायरीत मारून घेतला. बाईंनी तारीख नीट मधोमध येईल असा दाबला. शाई कुठेही फुटली नाही. हात बसलेला होता.

आता खायचं. तिथला नावाजलेला पदार्थ केसक्नोप्फले, म्हणजे पिठाचे बारीक गोळे, वर चीज आणि तळलेला कांदा, सोबत सफरचंदाची चटणी. मांस नसतं म्हणून वेटर ‘शाकाहारी’ सांगतो, पण पिठात अंडं असतं. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. वन्संसाठी रीबल शोधा, असं मुलीने सांगितलं होतं. तो मक्याच्या रव्याचा, दूध-लोण्यात परतलेला, मोकळा पदार्थ. आपला सांजाच की! तोही सगळीकडे मिळत नाही, आम्हाला मिळाला नाही. शेवटी चर्चजवळच्या बाकावर डबा उघडला. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचं लोणचं. शेजारी काळ्या चकचकीत दगडासारखं कला संग्रहालय, वर डोंगरावर राजवाडा. डबा उघडून खायला तिथे कोणाची हरकत नाही, मात्र सांडलेलं उचलायचं. कॉफी तेवढी विकत घेतली. पेल्याला लागलेल्या पैशात आपल्याकडे पाचजणांचा नाश्ता होतो. असो.

मुलांसाठी दोन जागा. एक, खजिन्याचं दालन, म्हणजे शाट्झकामर. तिथे माणसांनी चंद्रावरून आणलेले दगडाचे कण आहेत, अपोलो ११ आणि १७ च्या वेळचे. अमेरिकेने देशोदेशी वाटले, त्यातले. आमची नात आठ वर्षांची, तिने काचेला नाक लावून विचारलं, “चंद्राचा एवढाच तुकडा?” त्याच खोलीत रशियाच्या फाबर्जे या जवाहिऱ्याच्या कारखान्यातलं सफरचंदाच्या फुलांचं शोभेचं अंडंही आहे. हे अंडं वन्संना चाललं.

दुसरी जागा ऱ्हाईन नदीवरचा जुना लाकडी पूल. गावातून पायी वीस-पंचवीस मिनिटं, सपाट रस्ता. पूल १९०१ चा, वर छप्पर, आत अंधार, लाकडाचा आणि ओलीचा वास. आता फक्त पायी आणि सायकलने जाता येतं. मध्यावर दोन देशांची खूण आहे. नातीने एक पाय इकडे, एक तिकडे ठेवला आणि आम्हा सगळ्यांना तसं उभं केलं. आजोबांनाही. दहा मिनिटं आम्ही पाच म्हातारे-तरणे लोक देश बदलत होतो. खाली पाणी दुधात राख कालवल्यासारखं, थंडगार. तुझी मुलं तिथून हलायची नाहीत, वेळ हातात ठेव.

राजवाड्याचं स्वप्न मात्र सोडा. राजघराणं त्यात राहतं, म्हणून आत जाऊ देत नाहीत. खालून पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे. सासूबाईंना नेऊ नका. आम्ही तिघं गेलो आणि बंद फाटक बघून परत आलो. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्याचा काही भाग तिकीट काढून बघता येतो, झुंबरं, जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी, सगळं. तिथे राजा आहे, तिकीट नाही.

परतीची एक चूक सांगून ठेवते. ११ नंबरची बस दोन्ही दिशांना जाते! आम्ही दमलेले, समोर आली तीत चढलो. शान नावाचं गाव आलं, जावयाने रस्त्यालगत हिल्टीची पाटी दाखवली. आपल्या मिस्त्री लोकांच्या तोंडी असलेलं ‘हिल्टी मशीन’ ते हेच, त्यांची कंपनी मूळ तिथली. आमचे हे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, हात जोडायचेच बाकी राहिले. त्यानंतर मुलीच्या लक्षात आलं, की सारगान्स मागे राहिलं आणि आपण ऑस्ट्रियाकडे चाललोय. उतरलो, उलटी बस घेतली. चुकून तिसरा देश पदरात पडला असता. म्हणून चढताना समोरची पाटी वाच.

काकू, त्या देशात म्हणे अजून राजाच राज्य करतो. निवडणुका होत नाहीत का? आणि इतका पैसा आला कुठून? – एक आजोबा, दौलतगंज

आजोबा, निवडणुका होतात. संसदेत २५ सभासद आहेत. पण राजाही नावापुरता नाही. कायद्याला त्याची मंजुरी लागते आणि तो नकार देऊ शकतो. हा नकाराचा अधिकार काढावा का, यावर २०१२ मध्ये लोकांनीच मत दिलं, आणि मोठ्या बहुमताने म्हणाले, राहू द्या. राजे हान्स-आडाम दुसरे. २००४ पासून रोजचा कारभार युवराज आलोइस बघतात.

गंमत पुढे आहे. या घराण्याने ही जमीन लढून नाही, विकत घेतली. १६९९ मध्ये शेलनबर्ग, १७१२ मध्ये फाडुट्स. त्यांना हवी होती पवित्र रोमन सम्राटाच्या दरबारातली खुर्ची, आणि ती मिळायला थेट सम्राटाच्या हाताखालची जमीन लागायची. १७१९ मध्ये दोन्ही तुकडे जोडून संस्थान झालं. राजे मात्र राहिले व्हिएन्नात. कायमचा तिथे राहायला पहिला राजा आला तो १९३८ मध्ये. दोनशे वर्षं राजा तिथे राहत नव्हता, आणि प्रजा कर भरत होती! आमच्या सासऱ्यांनी ग्वाल्हेरच्या जिवाजीराव महाराजांची दसऱ्याची स्वारी बघितली होती, आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिले. त्यांना ही गोष्ट पटली नसती.

आणखी एक. तिथे देशपातळीवर बायकांना मत मिळालं १९८४ मध्ये. तेही पुरुषांनीच मतदान करून ठरवलं, आणि जेमतेम बहुमताने. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं, मी पोलिंग ड्यूटीवर होते आणि मतही देऊन आले होते. संग्रहालयात ते वर्ष वाचल्यावर मी मुलीला दोनदा विचारलं, “आकडा चुकला नाही ना?” आता २०२५ पासून त्यांच्या पंतप्रधान बाई आहेत, ब्रिगिटे हास. एकेचाळीस वर्षांत बरीच मजल मारली म्हणायची.

पैसा? बँका, कमी कर, हे सगळे सांगतात. पण कारखानेही पुष्कळ आहेत. हिल्टीचं वर सांगितलं, शिवाय कृत्रिम दातांचा मोठा कारखाना तिथे आहे. कवळी घातलेल्या आमच्या ह्यांना त्या देशाबद्दल दुहेरी आपुलकी आहे. कामाला माणसं इतकी लागतात, की निम्म्याहून जास्त रोज सकाळी स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियातून येतात आणि संध्याकाळी परत जातात. शिवाय फौजेचा खर्च नाही. सैन्य १८६८ मध्येच मोडलं. शेवटच्या मोहिमेवर ८० गेले आणि ८१ परत आले, वाटेत एक मित्र जोडून आणला, असं सांगतात.

आणि हो, त्यांचा राष्ट्रीय दिवसही १५ ऑगस्ट. त्या दिवशी वाड्यासमोरच्या कुरणावर सगळ्यांना बोलावतात. तेव्हा राजा दिसतो.

आजी, मी सातवीत आहे. माझ्याकडे पोस्टाची २१४ तिकिटं आहेत. तिथली तिकिटं खूप छान असतात का? – एक वाचक, जिन्सी

बाळा, तुझं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण उत्तर लिहायला मला सगळ्यांत जास्त आवडणार होतं.

फाडुट्सला टपालाचं संग्रहालय आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. आमची मंडळी बाहेर आइस्क्रीम खात होती आणि मी आत तासभर खेचून काढायच्या फळ्या एकेक ओढून बघत होते. काचेखाली ओळीने तिकिटं. त्या देशाचं पहिलं तिकीट १९१२ चं. त्याआधी तिथे ऑस्ट्रियाचंच तिकीट चालायचं. पहिल्यावर त्यांच्या राजाचा, योहान दुसऱ्याचा चेहरा आहे, आणि सजावट कोलोमान मोझर या व्हिएन्नाच्या चित्रकाराची. इतक्या सुबक तिकिटांना जगभर गिऱ्हाईक मिळालं, आणि एकेकाळी या छोट्या देशाच्या तिजोरीत तिकिटांचे बरेच पैसे येत.

आता तुझ्या संग्रहात बघ, किंवा आजोबांना विचार. १८८५ पासून आपल्या ग्वाल्हेर संस्थानाचीही तिकिटं होती. पण ती वेगळी छापलेली नव्हती. इंग्रजांच्या तिकिटावरच वर ग्वाल्हेरचं नाव छापायचे. म्हणजे नाव आपलं, चेहरा व्हिक्टोरिया राणीचा, पुढे एडवर्डचा, जॉर्जचा. चारशेपट मोठं संस्थान, आणि तिकिटावर स्वतःचा राजा नाही. त्या फळीसमोर उभी राहून मी हेच मनात घोळवत होते. बसमध्ये जावयाला जी फुशारकी मारली होती, ती तिथे थोडी जिरली.

बाहेर येऊन दोन पोस्टकार्डं घेतली, तिकिटं लावली. एक मी तिथल्याच पिवळ्या पेटीत टाकलं. ते अकराव्या दिवशी बाड्यावर आलं. आमच्या जुन्या पोस्टमनने हातात देताना विचारलं, “बाई, हा देश कुठे आहे?” दुसरं जावयाने खिशात ठेवलं आणि झ्युरिकला पेटीत टाकलं. तिथलं तिकीट स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही, हे मी सांगेपर्यंत कार्ड आत गेलं होतं. ते अजून आलेलं नाही.

एक तिकीट माझ्याकडे जास्तीचं आहे, न वापरलेलं. आईला घेऊन ये आणि त्याबदल्यात तुझ्याकडचं एखादं ग्वाल्हेरचं मला दाखव. चिमट्याने धरून आण, बोटांनी नाही.