महिन्याच्या वहीत न मावणारे वर्ष

समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या तोंडून एक प्रश्न थोड्याफार फरकाने मला सारखा ऐकायला मिळतो: "दर महिन्याला आम्ही खर्चाचा अंदाज बांधतो, पंधरा-वीस दिवस तो पाळतोही, पण महिनाअखेर सगळे कोलमडते, आमच्यात शिस्तच नाही का?" या प्रश्नाला सरळ उत्तर देण्यापेक्षा एका घराची हकीकत सांगणे मला सोयीचे वाटते. त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून आणि आकडे पूर्णांकात आणून ती येथे मांडत आहे.

गणपती उठून आठवडा झाला होता, तेव्हा डोंबिवलीचे हे दांपत्य प्रथम आले. गृहस्थ अठ्ठेचाळीस वर्षांचे, खासगी कंपनीत नोकरीला. बाई घरीच शिकवण्या घेतात. मुलगा आठवीत, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई सोबत राहतात. दोघांचे मिळून हातात महिन्याला 72,000 रुपये येत होते आणि त्यांतून घराच्या कर्जाचा 24,500 रुपयांचा हप्ता गेला की 47,500 रुपये उरत होते. गृहस्थांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिला प्लॅस्टिकचे आवरण होते, पट्टीने आखलेले रकाने होते आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या पानावर लाल शाईत अंदाजपत्रक होते. पहिल्या तारखेपासून नोंदी इतक्या बारीक होत्या की "कोथिंबीर 15, रिक्षा 30, चहा 10" असे सारे वाचता येई. बारा-तेरा तारखेपासून त्या विरळ होत. सतरा तारखेला एका ओळीत "किरकोळ 1,340" एवढेच लिहिलेले असे, आणि पुढची पाने कोरी. असे अकरा महिने सलग होते.

"मॅडम, हिला लिहायचा कंटाळा," असे गृहस्थ म्हणाले. बाई काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "रात्री जेवणे झाली की हे वही घेऊन बसतात आणि 'आज काय काय?' असे विचारतात. शाळेत गृहपाठ तपासायचे ना, तसे वाटते. मग मी सगळे सांगतच नाही."

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पहिल्याच भेटीत मी त्यांना नेहमीचा उपाय सांगितला: महिनाभर दोघांनीही दमडीन्‌दमडीचा हिशेब ठेवावा. ज्या घरात ती वहीच भांडणाचे मूळ झाली होती, तेथे मी आणखी एक वही पाठवली. दुसऱ्या भेटीला दोघे आले ते एकमेकांच्या फोनमधील यूपीआयचे व्यवहार मोजूनच आले. बाहेरचे खाणे आणि घरपोच मागवलेल्या वस्तू मिळून महिन्याला 3,900 रुपये होत होते. त्यांतले त्यांचे किती आणि हिचे किती, यावर चार दिवस अबोला झाला होता. काटकसरीचा विषय निघाला की आपण सारे प्रथम वडापाव आणि चहाच्या टपरीवर घसरतो, आणि मीही तेच केले होते.

वहीतले अंदाजपत्रक मी नीट पाहिले ते त्या दुसऱ्या भेटीत. वाणसामान 9,000, दूध 3,600, भाजी-फळे 4,500, वीज 2,200, गॅस 900, सोसायटीचा देखभाल खर्च 2,800, लोकलचा पास आणि पेट्रोल 2,500, फोन-इंटरनेट 1,500, आईंची औषधे 2,500, मुलाचे क्लास 3,000, आवर्ती ठेव 10,000 आणि किरकोळ 5,000. बेरीज बरोबर 47,500 येत होती, म्हणजे एक रुपयाही इकडचा तिकडे नव्हता. गृहस्थांना या बेरजेचा अभिमान होता आणि मला ती पाहूनच शंका आली, कारण या पानावर गणपती नव्हता, दिवाळी नव्हती, शाळेची फी नव्हती आणि कोणाचे लग्नही नव्हते.

"हे खर्च कोठून करता?" असे मी विचारले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर होते क्रेडिट कार्ड. त्यावर 84,000 रुपये थकले होते आणि ते दर महिन्याला बिलात छापलेली किमान रक्कम भरत होते.

या ठिकाणी मी हिशेब थोडा बाजूला ठेवला आणि दोघांनाही लहानपणी घरात पैसा कसा येत असे ते विचारले. गृहस्थांचे वडील गिरणी कामगार होते. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा हे पाच-सहा वर्षांचे होते. वडील कोकणातल्या गावी निघून गेले, आई लालबागच्या खोलीत पापड लाटून आणि खानावळीचे डबे करून घर चालवू लागली. त्याआधी पगाराचा दिवस ठरलेला असे आणि त्या दिवशी वाण्याची उधारी, दूधवाला, भाडे असे सारे हातोहात फिटत असे. नंतर तो दिवसच नाहीसा झाला. पगार आला की त्याचा शेवटचा रुपयाही ताबडतोब कोठेतरी बांधून टाकावा, ही त्यांची ओढ तेथून आलेली होती आणि त्या लाल शाईच्या बेरजेत ती मला आता दिसू लागली.

बाईंचे माहेर सांगली जिल्ह्यातले, ऊस पिकवणारे. "आमच्याकडे महिना नव्हताच, मॅडम," त्या म्हणाल्या, "हंगाम होता." कारखान्याकडून उसाचे बिल आले की त्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते झालेले असे; उरलेल्या रकमेतून त्यांचे वडील पडवीतल्या बाजेवर बसून वर्षाची वाटणी करीत. पुढच्या लागणीचे खत, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी काही, शाळा, वर्षाची ज्वारी, उन्हाळ्यात मिरची आणि मसाला. घरखर्चाला जे उरे ते उरे. याला त्या घरात कोणी अंदाजपत्रक म्हणत नसे, बेगमी म्हणत.

एवढे बोलून झाल्यावर त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी हे लग्नानंतर एकदा सांगितले होते. तुम्ही म्हणालात, आपण शेतकरी नाही, आपल्याला पगार आहे." गृहस्थांना ते आठवत नव्हते. मला मात्र पुढचे काम तेथेच मिळाले.

तिसऱ्या भेटीसाठी मी त्यांना रोजचे काहीही लिहायला मनाई केली आणि दिवाळी ते दिवाळी असे एकच पान आखून आणायला सांगितले. ते पान बाईंनी लिहिले आणि आजींनी तीन ओळी सुचवल्या. शाळेची फी दोन हप्त्यांत 46,000, वह्या-पुस्तके, गणवेश 9,000, विम्याचे हप्ते 28,000, स्कूटरचा विमा आणि दुरुस्ती 8,000, घरपट्टी 6,000, गणपतीला गावी जाणे 14,000, दिवाळी 22,000, आहेर आणि वेळप्रसंग 15,000, वर्षाचे धान्य आणि मसाला 16,000, आजींच्या तपासण्या 10,000, मे महिन्यात सांगलीला जाणे-येणे 12,000. एकूण 1,86,000 रुपये, म्हणजे महिन्याला 15,500. गृहस्थ बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. ज्या 3,900 रुपयांवरून अबोला झाला होता, त्याच्या जवळजवळ चौपट रक्कम दर महिन्याला त्यांच्या घरातून जात होती आणि तिचा वहीत रकानाच नव्हता. दर महिना अपवादाचा ठरत होता, कारण जूनमध्ये शाळा, सप्टेंबरमध्ये गणपती, नंतर दिवाळी, आणि जानेवारीत विमा. ज्या साध्यासुध्या महिन्यासाठी त्यांनी अंदाज बांधला होता, तसा महिना त्यांच्या वर्षात एकही नव्हता.

आवर्ती ठेवीचा प्रश्न सर्वांत नाजूक निघाला. याआधीच्या दोन ठेवी मुदतीपूर्वी मोडल्या होत्या, म्हणून या वेळच्या, सात महिन्यांत 70,000 झालेल्या ठेवीला हात लावायचा नाही, असा गृहस्थांचा पण होता. मी आर्थिक सल्लागार नाही आणि कोणाला गुंतवणूक सुचवत नाही, परंतु हा हिशेब शाळेतला आहे. ठेवीवर वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के लागत होते आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. शिवाय थकबाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. "पण बचत मोडायची?" असे ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. संपाच्या काळात आईने मंगळसूत्रातल्या वाट्या विकल्या होत्या, हे त्यांनी त्या वेळी सांगितले. मी घाई केली नाही. पुढच्या भेटीला ते स्वतःच ठेव मोडून, कार्डावर 70,000 भरून आले. राहिलेले 14,000 दिवाळीच्या बोनसमधून फिटले.

त्यानंतर दिवाळी ते दिवाळीच्या पानावर कात्री चालली. येथे खरी काटकसर होती आणि ती रोजच्या चहापेक्षा सोपी गेली, कारण एक मोठा निर्णय एकदाच घ्यावा लागतो आणि टपरीवरचा निर्णय रोज. दिवाळी 22,000 वरून 16,000 वर आली, आहेराचे 15,000 चे 9,000 झाले, आणि गणपती व मे महिना मिळून प्रवासाचे 12,000 वाचवायचे ठरले: गणपतीला एका वर्षी सारे, दुसऱ्या वर्षी फक्त गृहस्थ, आणि सांगलीला एसटीने. आहेराच्या बाबतीत बाईंना संकोच होता, कारण नात्यात कोणी किती दिले हे बायकाच लक्षात ठेवतात आणि नावही त्यांनाच ठेवले जाते. म्हणून तेथला आकडा त्यांनीच ठरवावा, असे मी सुचवले. बेरीज 1,62,000 झाली, महिन्याला 13,500.

आवर्ती ठेवीचे दर महिन्याचे 10,000 आता मोकळे झाले होते, त्यामुळे चालू खर्चात 3,500 रुपयेच कमी करायचे राहिले. वाणसामानात 1,000 सहज निघाले, कारण वर्षाचे गहू-तांदूळ आणि तिखट घरात असताना दर महिन्याच्या मॉलच्या फेरीत सवलतीच्या पिशव्या पुन्हा येत होत्या. फोन-इंटरनेटमध्ये 500 आणि किरकोळमध्ये 500. राहिलेले 1,500 मुलाने दिले. त्याला विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की रोबोटिक्सच्या क्लासला तो केवळ बाबांनी फी भरली आहे म्हणून जातो.

वेगळी बचत या अंदाजपत्रकात शून्य होती. भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, तेवढाच. हे लिहिताना मला थोडे अवघड वाटते, कारण बचतीशिवायचे अंदाजपत्रक कोणालाच आवडत नाही. पण दर महिन्याला 10,000 बाजूला टाकून त्याच काळात उसने घेण्याला ते आजवर बचत म्हणत होते, आणि तो भ्रम मोडणे मला अधिक निकडीचे वाटले. पुढच्या पगारवाढीतून ठेव सुरू करायची, एवढे ठरले.

वर्षाच्या पैशासाठी बाईंच्या नावे वेगळे बचत खाते ठेवले आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी 13,500 रुपये तेथे आपोआप जातील अशी बँकेत सूचना दिली. सुरुवात कोणत्या महिन्यात करावी यालाही महत्त्व आहे. एप्रिलमध्ये आरंभ केला तर दोन महिन्यांतच शाळेचा खर्च दारात उभा राहतो आणि खाते बाळसे धरण्यापूर्वीच रिकामे होते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरपासून आरंभ केल्यामुळे मेअखेर 94,500 रुपये जमणार होते. त्यातून जानेवारीचा विमा आणि मेचा प्रवास गेला तरी जूनच्या फीपुरते उरत होते.

रोजची वही बंद झाली. त्याऐवजी किरकोळच्या 4,500 रुपयांतून तिन्ही मोठ्या माणसांना प्रत्येकी 1,000 रुपये रोख द्यायचे आणि त्यांचे काय केले हे कोणी कोणाला विचारायचे नाही, असा नियम झाला. या नियमाला गृहस्थांनी सर्वांत जास्त विरोध केला आणि नंतर सर्वांत आधी तेच म्हणाले की संध्याकाळी स्टेशनबाहेर मित्रांबरोबर चहा घेताना आता मनात आकडेमोड चालत नाही. आजींनी मात्र आपले हजार रुपये कधी खर्च केल्याचे कोणी पाहिले नाही. ते पोह्यांच्या डब्यात जात आहेत, एवढे सर्वांना माहीत होते.

एप्रिलच्या शेवटी ते पुन्हा भेटायला आले तेव्हा कार्डाची थकबाकी शून्य होती आणि तरीही दोघे वाद घालतच खोलीत शिरले. वर्षाच्या पानावर आंब्याची पेटी लिहायची राहून गेली होती. गृहस्थांचे म्हणणे, आंबे भाजी-फळांत धरावेत. बाईंचे म्हणणे, 2,400 रुपयांची पेटी 4,500 च्या भाजी-फळांत बसणार कशी, ती वर्षाच्या खात्यातूनच यायला हवी. मी मत देण्यापूर्वी हा वाद घरी कसा संपला ते बाईंनी हसत सांगितले. दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलेले असताना आजी उठल्या, पोह्यांचा डबा ओट्यावर पालथा केला, नोटा मोजल्या आणि नातवाला घेऊन बाजारात गेल्या. पेटी घेऊनच परतल्या आणि कितीला घेतली हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.