'गावठी' माल महाग पडतो, तरी का घ्यावा? आणि खरा कसा ओळखावा?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'गावठी' म्हणून जास्त भाव सांगतात, त्यात फायदा काय आणि माल गोव्याचाच आहे हे कळावं कसं, असं तुम्ही विचारलंय.

फायदा समजायला कोरगुट तांदूळ घ्या. हे भात खारेपणा सोसतं, म्हणून मांडवी-जुवारीकाठच्या खाजनांत पिकतं. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, लाकडी दारं ओहोटीला आपोआप उघडतात, पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला ती मिटतात. शेत कसलं जातं तोवर कुणीतरी बांधावर फेरी मारतं, खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवतं. शेत पडीक राहिलं की बिळं वाढतात, बांध फुटतो, आणि आत शिरलेलं खारं पाणी शेजाऱ्याचं उभं पीकही घेऊन जातं. कोरगुटाला दिलेले चार पैसे जास्त मला म्हणूनच महाग वाटत नाहीत. बांधाची राखण त्यातूनच होते.

हा उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या) तांदळासारखा शिजवला तर टचटचीत राहतो. वाटीभर तांदळाला पाच-सहा वाट्या पाणी उकळा, मग वैरा आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवा. निवळ, म्हणजे वरचं पाणी, फेकू नका, मीठ घालून प्या.

ओळखायचं ते हंगामावरून. काणकोणची खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, त्यामुळे नवी सुकी मिरची पावसाळा सरल्यावरच येते. ऑगस्टमध्ये कुणी 'यंदाची' म्हणून विकत असेल तर ती यंदाची नाही. सांत इस्तेव्हच्या भेंडीला सात शिरा असतात, एरवीच्या भेंडीला पाच; मोजून घ्या. सोलां (आमसुलं) दाबून बघा: मऊ, लवचिक हवीत. वर मिठाचा पांढरा थर असेल तर तुम्ही सोलांच्या भावानं मीठ घेताय. शंका आली तर 'खंयच्या गांवचें?' एवढंच विचारा. स्वतः पिकवणारी बाई गाव सांगते, वाडाही सांगते.

बटाटे घाटावरचेच असतात. तिथे गावठीचा हट्ट नको.

डिचोलीकडची मातीची कुंडली (स्वयंपाकाचं भांडं) घेतलीत तर ती आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, मग तिच्यात पेज उकळा, म्हणजे बारीक छिद्रं बुजतात. गरम कुंडलीत थंड पाणी ओतलंत की तडा गेलाच.

मिठागरातलं जाडं मीठ मे महिन्यात, पावसाआधी घ्या. लोणचं, खारवलेले आंबे, सुकी मासळी यांना ते उत्तम. त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं, म्हणून रोजच्या जेवणात आयोडीनयुक्तच वापरा. पावसात या मिठाला पाणी सुटतं. चिनी मातीच्या बरणीत ठेवा, पत्र्याच्या डब्यात नको, आठवड्यात गंज चढतो.