बाजारपेठेतला रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी सुधारायचा, तर सुरुवात कुठून आणि पैसे कुठून?

तुम्ही पुण्यातल्या पेठेतल्या दुकानदारांच्या बाजूने विचारताय, म्हणून पुण्यापुरतंच सांगतो.

आधी पैसे शोधू नका, आधी मोजा. शनिवारी संध्याकाळी चारच्या पुढे दोन तास उभं राहून पायी येणारे किती, गाडीवरून किती, हे वहीत लिहा. "पार्किंग गेलं की धंदा बसला" ही भीती प्रत्येक बैठकीत निघतेच, आणि तिला उत्तर फक्त आकड्यांनी देता येतं. बऱ्याचदा दारातली गाडी गिऱ्हाइकाची नसून दुकानातल्याच कोणाची निघते!

मग तात्पुरता प्रयोग मागा. ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन झाला होता, त्याचा दाखला द्या. महापालिकेची रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१६पासून आहेत. पदपथाची रुंदी त्यांवरूनच मागा.

पैशांचं म्हणाल तर मोठं काम महापालिकेच्या पथ विभागाच्या तरतुदीतूनच होतं. बाकं, दिवे, चेंबरची झाकणं अशी किरकोळ कामं नागरिकांच्या सहभागातल्या अंदाजपत्रकात, म्हणजे महापालिका नागरिकांकडून कामं मागवते त्यात, सुचवता येतात. अर्जाची मुदत मात्र चुकवू नका. कुंड्या, झाडांची देखभाल व्यापारी संघाने उचलली तर अधिकारीही जरा मऊ होतात.

फरशी बसवण्याआधी ड्रेनेज, पाणी आणि केबलवाल्यांची कामं उरकून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा खोदाई. पथारीवाल्यांनाही बैठकीला बोलवा. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत त्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असतात.