४६ मिनिटांचा आवर्तकाल: आधी दुप्पट करून बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: गाया या अंतराळ दुर्बिणीच्या यादीतल्या हॉट सबड्वार्फमधून (बाहेरचं बहुतेक आवरण गमावलेले छोटे, उष्ण तारे) जवळचे जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती जवळून फिरणाऱ्या जोड्या, कशा शोधायच्या, आणि टेस या अंतराळ दुर्बिणीच्या डेटात एका ताऱ्याचा ४६ मिनिटांचा आवर्तकाल निघालाय तो खरा मानायचा का. दुसरं आधी घेतो.

डेटा कुठला वापरलात? टेसच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या फुल फ्रेम (संपूर्ण दृश्यक्षेत्राच्या) प्रतिमा दर ३० मिनिटांनी आहेत. त्यांत तासाभराहून छोटा आवर्तकाल नीट ओळखता येत नाही. ८६ मिनिटांचा बदल तिथे ४६ मिनिटांचा वाटू शकतो. त्यामुळे २ मिनिटांचा किंवा २० सेकंदांचा डेटा घ्या.

तिथेही ४६ च आले, तर दुप्पट करा. सोबती श्वेत बटू असेल तर त्याच्या ओढीने सबड्वार्फ लांबुळका होतो आणि एका फेरीत दोनदा उजळतो. पिरिओडोग्राम (डेटातला आवर्तकाल शोधणारा आलेख) बिचारा निम्मा आकडा देतो. ९२ मिनिटांवर फोल्ड करा, म्हणजे सगळी मोजमापं ९२ मिनिटांच्या एकाच फेरीवर एकमेकांवर रचा. लागोपाठची दोन शिखरं किंवा दोन दऱ्या सातत्याने असमान आल्या, तर ९२ खरा असण्याची शक्यता बरीच. एकाऐवजी जवळजवळचे चार-पाच आवर्तकाल दिसले, तर मात्र ताऱ्याचं स्वतःचं स्पंदन समजा. काही सबड्वार्फ पाऊण ते दोन तासांच्या आवर्तकालाने स्पंदतात. आणि टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा, म्हणजे बदल शेजारच्याच ताऱ्याचा नाही ना, हेही तपासा.

सोबती तांबडा बटू असेल तर प्रकरण सोपं. त्याची तापलेली बाजू फेरीत एकदाच समोर येते, त्यामुळे शिखरही एकच.

आता यादी. २०१९ च्या गाया यादीत ३९,८०० नावं आहेत, पण ते उमेदवार. त्यांत श्वेत बटू आणि साधे उष्ण तारेही घुसलेत. चाळणीसाठी माझी आवडती युक्ती: त्याच प्रतीच्या (तितक्याच तेजस्वी दिसणाऱ्या) इतर ताऱ्यांपेक्षा ज्यांच्या गाया-तेजस्वितेतली त्रुटी जास्त आहे, ते आधी उचला. बदलत्या ताऱ्यांची त्रुटी आपोआप फुगते.

पण नुसत्या प्रकाशवक्रावर (वेळेनुसार तेजाचा आलेख) थांबू नका. श्वेत बटू सोबती आणि काही दिवसांचा आवर्तकाल असेल, तर प्रकाश जवळपास हलतच नाही. २००१ मध्ये मॅक्सटेड आणि सहकाऱ्यांना त्यांच्या नमुन्यातले सुमारे दोन तृतीयांश एसडीबी (हॉट सबड्वार्फचा एक प्रकार) तारे जवळचे जोडतारे निघाले, ते ताऱ्याच्या वेगामुळे वर्णपटातल्या रेषा सरकताना बघूनच. सीडी −३०°११२२३ या सबड्वार्फ आणि श्वेत बटूच्या जोडीत आवर्तकाल जेमतेम ७० मिनिटांचा आहे आणि सबड्वार्फचा वेग मध्यापासून दोन्हीकडे सेकंदाला ३७० किलोमीटरहून जास्त बदलतो. तुमचे ९२ खरे असतील, तर दोन शिखरांच्या वेळी घेतलेले दोनच वर्णपट पुरतील. एक्स्पोजर मात्र काही मिनिटांचंच ठेवा, नाहीतर रेषा पुसट होतील.

आवर्तकाल शोधणारा तुमचा कोड आधी एचडब्ल्यू व्हर्जिनिस या सबड्वार्फ आणि तांबड्या बटूच्या प्रसिद्ध जोडीवर चालवा. आवर्तकाल २ तास ४८ मिनिटं आलाच पाहिजे.