हातातला एव्हिएशन रेडिओ: आयकॉम, याएसू की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याला पीपीएलचं (खासगी वैमानिक परवान्याचं) ट्रेनिंग चालू आहे, स्वतःचा हँडहेल्ड रेडिओ घ्यायचाय. आयकॉम घ्यावा की याएसू? व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारी सोय) आणि जीपीएसवाला महागडा घ्यावा का? आणि दुबईचे मामा येताना घेऊन आले तर स्वस्तात पडेल का?

मी मूळचा चोपड्याचा, काम लहान विमानांच्या रेडिओ आणि वायरिंगचं. शिकणारी पोरंपोरी हा प्रश्न हँगरमध्ये येऊन नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात मामांपासून करू. त्यांना आजच फोन करा आणि सांगा, सेट आणू नका. आपल्याकडे असा वायरलेस सेट परवान्याशिवाय वापरणं तर सोडाच, नुसता जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलंय आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ते तसंच ठेवलंय. परदेशातून ट्रान्समीटर आणायचा तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगची (वायरलेस परवाने देणारी शाखा) मंजुरी लागते. ती नसेल तर सेट कस्टममध्ये अडकेल आणि वर मामांना उत्तरं द्यावी लागतील. ऑनलाइन दिसतो म्हणून चालतो, असंही समजू नका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल मोठमोठ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा दिल्या, त्या याच कारणासाठी.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ‘माझं आरटीआर झालंय, मग आणखी कसला परवाना?’ आरटीआर(ए) हा माणसाचा परवाना आहे. तो तुम्हाला बोलायची मुभा देतो, सेट बाळगायची नाही. (भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आल्यापासून हे आरटीआरचं काम दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आलंय, तेव्हा जुन्या सीनियरने सांगितलेली अर्जाची पद्धत जशीच्या तशी धरू नका.) विमानातल्या रेडिओचा परवाना वेगळा, तो त्या विमानाच्या नावावर असतो. तुमच्या पिशवीतला हँडहेल्ड यातल्या कशातच आपोआप बसत नाही. म्हणून पहिलं पाऊल दुकानात टाकायचं नाही, फ्लाइंग शाळेच्या ऑफिसात टाकायचं. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर साहेबांना विचारा की शाळेच्या परवान्यावर हँडहेल्ड आहेत का, आणि तुमचा सेट कायदेशीरपणे कसा घेता येईल. डीलर निवडताना जो पैशाआधी परवान्याचे कागद मागतो, त्याच्याकडेच जा.

आता सेट. त्याआधी हे ठरवायला हवं की तो नेमका कधी लागणार आहे.

समजा तुम्ही सेसना १५२ घेऊन एकटे गेलात आणि वीज बनवणारा अल्टरनेटर गेला. इंजिन बंद पडत नाही, कारण त्याचं इग्निशन मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून स्वतःच ठिणगी देणारं यंत्र) चालतं, बॅटरीवर नाही. पंखा फिरतोय, विमान उडतंय, पण पॅनेल फक्त बॅटरीवर आहे. लोड कमी केलात तर ती थोडा वेळ साथ देईल, मग रेडिओ जाईल आणि सोबत रडारला आपली ओळख सांगणारा ट्रान्सपाँडरही जाईल. म्हणजे त्यावर ७६०० हा कोड लावून ‘माझा रेडिओ गेलाय’ सांगायची सोयसुद्धा संपली. टॉवर असेल तिथे हिरवा-लाल दिवा दाखवतात, पण प्रत्येक धावपट्टीवर टॉवर नसतो.

आपल्या भागात याला जास्त महत्त्व आहे. धुळ्याजवळ गोंदूर, शिरपूरजवळ तांडे, इकडे जळगाव, सगळीकडे शिकाऊ विमानं असतात. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) तुमच्या पुढेमागे कोणीतरी पहिल्या सोलोवर असू शकतं. अशा वेळी तुम्ही डाउनविंडवर (त्या फेरीतल्या धावपट्टीला समांतर टप्प्यावर) आहात एवढं जरी सगळ्यांना ऐकू गेलं तरी मोठा धोका टळतो. हातातला रेडिओ या दहा-पंधरा मिनिटांसाठी घ्यायचा असतो. निवड करताना प्रत्येक फीचरला एकच प्रश्न विचारा: पॅनेल काळं पडल्यावर, आवाजात, घामेजल्या हाताने याचा मला उपयोग होईल का?

या प्रश्नावर सगळ्यात वर येतो तो अँटेना, आणि त्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही.

हँडहेल्डच्या खोक्यावर ५ किंवा ६ वॅट लिहिलेलं असतं. ते पीईपी, म्हणजे शिखराचा आकडा. खरी कॅरियर पॉवर, म्हणजे न बोलता नुसतं बटण दाबल्यावर जाणारी ताकद, साधारण दीड ते पावणेदोन वॅट असते. पॅनेलमधल्या सेटची कॅरियर पॉवर १० वॅटच्या आसपास असते आणि त्याचा अँटेना विमानाच्या बाहेर असतो. तुमचा रबराचा अँटेना मात्र ॲल्युमिनियमच्या डब्यात बसलेला. बराच सिग्नल पत्राच खातो.

विमानांच्या रेडिओच्या लहरी, म्हणजे व्हीएचएफ, सरळ रेषेत जातात. त्याचा साधा हिशोब असा: उंची फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा, तेवढे नॉटिकल मैल. १,००० फुटांवर सुमारे ३९ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. ३,००० फुटांवर ६७ मैल, जवळजवळ १२५ किलोमीटर. जमिनीवर उभं राहून जेमतेम ३ मैल. हा झाला क्षितिजाचा हिशोब, मध्ये डोंगर नाही असं धरून. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत, तोरणमाळ-अस्तंभ्याच्या बाजूला खाली गेलात तर डोंगरापलीकडचं काही ऐकू येणार नाही. आणि कॉकपिटात हातात धरलेल्या सेटवर हे आकडे मिळतच नाहीत, बरेच कमी मिळतात.

यावर खरा उपाय म्हणजे बाहेरच्या अँटेनाला जोडायची सोय. विमानात दोन कॉम (बोलायचे) सेट असतील तर दुसऱ्याच्या कोॲक्स केबलमध्ये एक जोड बसवता येतो. त्यात हँडहेल्डची पिन घातली की पॅनेलचा सेट सुटतो आणि बाहेरचा अँटेना तुमच्या सेटला मिळतो. पण हे विमान शाळेचं आहे. परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय त्यात एक स्क्रूसुद्धा हलवायचा नसतो. तेव्हा सोय आधीच आहे का हे विचारा. असेल तर तुमच्या सेटचं तोंड बीएनसी आहे की एसएमए (अँटेनाच्या जोडाचे दोन प्रकार) ते पाहून योग्य तो ॲडॅप्टर घ्या. त्याला लागतात थोडे पैसे, पण फायदा दुप्पट महाग सेट घेऊनही मिळणार नाही एवढा आहे. सोय नसेल तर अँटेना उभा धरून खिडकीजवळ न्या. आडवा धरला तर सिग्नल आणखी पडतो, कारण विमानांचे आणि टॉवरचे अँटेना उभे असतात. आणि स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडायचं बटण कुठे आहे ते बोटांना पाठ करा. कमजोर आवाज स्क्वेल्चमागे अडकलेला असतो, ते उघडलं की खरखरीतून का होईना, शब्द कळतात.

दुसरी गोष्ट हेडसेटची. १५२ च्या इंजिनाच्या आवाजात हँडहेल्डचा स्पीकर ऐकू येत नाही. कानाला लावून पाहा, तरी नाही. तुमच्या हेडसेटच्या दोन पिना सेटला लागतील असा ॲडॅप्टर हवाच, आणि तो सेटसोबतच घ्या. नंतर घेऊ म्हटलं की राहतो, आणि प्रत्येक कंपनीचं तोंड वेगळं असल्याने ऐनवेळी मित्राचा चालत नाही. स्पोर्टीज कंपनीचा पीजे२ सेट मला याच एका कारणासाठी फार आवडतो: विमानाच्या हेडसेटच्या दोन्ही पिना त्यात थेट बसतात, ॲडॅप्टर हरवायचा प्रश्नच नाही. सेटवरचं बोलायचं बटण दाबताना हात कुठे जातो तेही बघा. ॲडॅप्टरला वेगळं पीटीटी (बोलायचं) बटण लावता आलं तर ते योकला (विमानाच्या स्टिअरिंगला) बांधता येतं आणि विमान दोन्ही हातांत राहतं.

बॅटरीच्या बाबतीत आपल्या खानदेशाचा विचार करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. लिथियम बॅटरी अशा उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि तापलेली असताना चार्ज केली तर आणखीच. सेट गाडीत किंवा विमानाच्या सीटमागच्या खिशात ठेवून घरी जाऊ नका; बॅगेतून घरी न्या, सावलीत चार्ज करा. एए सेल चालणारा सेट किंवा एए सेलची वेगळी केस मिळणारा सेट असेल तर मी त्याला दोन गुण जास्त देईन, कारण सेल शिरपूरच्या बसस्टँडवरही मिळतात. फक्त सेल महिनोन्महिने आत ठेवू नका. ते गळतात आणि आतले पॉइंट खातात. वेगळे ठेवा, तारीख लिहून.

एवढं जमलं की बाकीची फीचरं पटकन उरकता येतात. व्हीओआर हातातल्या सेटवर असतं खरं, पण कॉकपिटातल्या रबराच्या अँटेनावर त्याची सुई स्थिर राहत नाही; विमान चालवायचं, सुई बघायची आणि बोलायचं, हे शिकाऊ माणसाने त्या घडीला करू नये. वाट शोधायला नकाशा, घड्याळ आणि तापी नदी आहे. जीपीएस चांगलंच, पण ते टॅबलेटवर मोठं दिसतं. ८.३३ किलोहर्ट्झ चॅनल युरोपात लागतात, आपल्याकडे २५ चेच चालतात. आजचे बहुतेक सेट दोन्ही करतात, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. हवामानाचे एनओएए चॅनल अमेरिकेचे, इथे त्यांवर काही येत नाही. ब्लूटूथ लागलं तर ठीक, पण मी वायरवरच भरवसा ठेवतो.

आता नावं. आयकॉमचा आयसी-ए१६ फक्त बोलण्यासाठी आहे, आवाज मोठा, धूळ-पाण्यात टिकणारा. धुळ्याची धूळ बघता हा मुद्दा छोटा नाही. आयसी-ए२५एन मध्ये व्हीओआर, जीपीएस, ब्लूटूथ सगळं आहे, सेट उत्तम आहे, पण पीपीएलच्या विद्यार्थ्याला त्यातलं निम्मं लागत नाही. याएसूचा एफटीए-२५०एल साधा आणि लहान. एफटीए-५५० मध्ये नेव्हिगेशन येतं. ७५० आणि ८५० वरच्या श्रेणीचे, त्यांत जीपीएससुद्धा. माझी निवड विचाराल तर: ए१६ किंवा २५०एल, सोबत हेडसेट ॲडॅप्टर आणि अँटेनाचा जोड. पीजे२ कायदेशीर मार्गाने मिळाला तर तोही डोळे झाकून. आयकॉम आणि याएसू यांच्यात मला दर्जाचा फरक दिसत नाही. जो डीलर तीन वर्षांनी बॅटरी देऊ शकेल, त्याच्याकडे जे आहे ते घ्या.

कोणीतरी तुम्हाला दोन-तीन हजारांचा चिनी हॅम (हौशी रेडिओवाल्यांचा) सेट सुचवेल, ‘यावर टॉवर ऐकू येतो’ म्हणून. तो घेऊ नका. विमानांचं बोलणं ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झवर एएममध्ये चालतं आणि ते सेट बोलतात एफएममध्ये. एखादा ऐकेल, पण तुमचा आवाज विमानापर्यंत जाणार नाही. विमानांनी एएम धरून ठेवलंय त्याला कारणही आहे. एफएममध्ये जोरकस सिग्नल कमजोराला पूर्ण गिळतो, कोणी दुसरं बोलत होतं हेच कळत नाही. एएममध्ये दोघं एकदम बोलले तर शिट्टी ऐकू येते आणि टॉवर पुन्हा विचारतो. अडचणीत असलेलं कमजोर विमान निदान लक्षात तरी येतं.

परवाना आणि सेट हातात आल्यावर पहिल्याच दिवशी १२१.५ आणि तुमच्या तिन्ही धावपट्ट्यांच्या फ्रीक्वेन्सी मेमरीत नावासकट भरा. १२१.५ वर चाचणी म्हणून कधीही बोलू नका, ते फक्त संकटासाठी. मग इन्स्ट्रक्टर सोबत असताना, त्यांच्या परवानगीने, हवेत एकदा खरी चाचणी घ्या: हेडसेट हँडहेल्डला लावा, शाळेच्या फ्रीक्वेन्सीवर ५, १० आणि २० मैलांवरून रेडिओ चेक मागा आणि रीडेबिलिटी (आवाज किती स्पष्ट) किती मिळाली ते मांडीवरच्या नीबोर्डवर लिहा. एकदा खिडकीजवळ धरून, आणि सोय असेल तर एकदा बाहेरच्या अँटेनाला जोडून. तेवढा वेळ विमान इन्स्ट्रक्टरांच्या हातात असू द्या.